प्रकरण-अभ्यास पद्धती, अर्थशास्त्र अध्यापनातील

प्रत्यक्षात घडलेल्या एखाद्या आर्थिक घटनेचे, निर्णयाचे, गावाचे वा संस्थेचे तपशीलवार वृत्त विद्यार्थ्यांपुढे ठेवून त्याच्या विश्लेषणातून अर्थशास्त्रीय तत्त्वे शिकविण्याची पद्धती. व्याख्यानपद्धतीत प्रथम सिद्धांत व नंतर उदाहरण असा क्रम असतो. येथे तो उलट होतो. पाठ्यपुस्तकातील उदाहरण सिद्धांताच्या सोयीने निवडलेले असते. प्रकरणात मात्र अनावश्यक, अपुरी व प्रसंगी परस्परविरोधी माहितीही असते आणि तीतून महत्त्वाचे काय, हे विद्यार्थ्यालाच ठरवावे लागते.

उगम व विकास : या पद्धतीचा उगम कायद्याच्या शिक्षणात झाला. हार्व्हर्ड विद्यापीठात क्रिस्टोफर कोलंबस लँग्डेल याने १८७० नंतर न्यायनिवाड्यांच्या आधारे कायदा शिकविण्यास प्रारंभ केला. १९०८ मध्ये स्थापन झालेल्या हार्व्हर्ड बिझिनेस स्कूलमध्ये, विशेषतः वॉलेस डॉनम हा १९१९ मध्ये अधिष्ठाता झाल्यावर, ती व्यवस्थापनशिक्षणात रुजली. अहमदाबाद येथील भारतीय व्यवस्थापन संस्थेने (स्थापना १९६१) हार्व्हर्डच्या सहकार्याने ती भारतात आणली.

अर्थशास्त्रापुरते पाहता, भारतात एकेका गावाच्या सखोल अभ्यासाची परंपरा याहून जुनी आहे. मद्रास विद्यापीठातील प्राध्यापक गिल्बर्ट स्लेटर याने आपल्या विद्यार्थ्यांना खेड्यांची आर्थिक पाहणी करावयास लावले. त्या पाहण्या १९१८ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाल्या. पुणे येथील कृषी महाविद्यालयाचा प्राचार्य हॅरल्ड मॅन याने पुण्याजवळील पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास १९१७ मध्ये प्रसिद्ध केला. जमिनीचे विखंडन व शेतकऱ्याचे कर्ज हे विषय त्यात एका गावाच्या हिशेबातून उलगडतात. ते गाव आज पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत असल्याने, शेतजमिनीचे नागरी जमिनीत रूपांतर होताना तिच्या मूल्याचे काय होते, हा नवा प्रश्नही त्याच प्रकरणातून वर्गात मांडता येतो.

एक नमुना : अर्थशास्त्राच्या वर्गात फार वापरले गेलेले प्रकरण म्हणजे आर्. ए. रॅडफर्ड याचा १९४५ मध्ये इकॉनॉमिका या नियतकालिकात आलेला, युद्धकैद्यांच्या छावणीच्या अर्थव्यवस्थेवरील लेख. रॅडफर्ड स्वतः जर्मनांच्या कैदेत होता. रेडक्रॉसकडून कैद्यांना डबाबंद दूध, मुरंबा, लोणी, बिस्किटे, चॉकोलेट, सिगारेटी इ. वस्तू साधारणतः सारख्या वाट्याने मिळत. उत्पादन जवळजवळ नसतानाही तेथे बाजार उभा राहिला व सिगारेट हे चलन बनले. लोकप्रिय छापाच्या सिगारेटी ओढल्या जात व हलक्या सिगारेटी व्यवहारात फिरत. ग्रेशॅमच्या सिद्धांताचा हा प्रत्यय होता. सिगारेटींचा नवा साठा आला की किंमती चढत व तो संपत आला की उतरत. उर्दू जाणणारा एक कैदी शीख कैद्यांकडून मांस घेऊन त्यांना लोणी व मुरंबा देई व या व्यवहारात नफा मिळवी, असे तेथे बोलले जाई. भाषेचे ज्ञान हेच त्याचे भांडवल होते. पुढे छावणीतील उपाहारगृहाच्या अन्नसाठ्याच्या पाठबळावर कागदी चलनही निघाले. परंतु अन्नाचा पुरवठा घटताच त्यावरील विश्वास ढळला.

अध्यापनप्रक्रिया : हे वृत्त एकदम सर्व न देता टप्प्याटप्प्याने देणे हितावह ठरते. सर्वांचा वाटा सारखा असता विनिमय का व्हावा, कोणती वस्तू चलन बनेल आणि पुरवठा थांबल्यास किंमतींचे काय होईल, अशा प्रश्नांवर विद्यार्थी प्रथम आपला अंदाज लिहितात, लहान गटांत त्यावर चर्चा करतात आणि नंतर पुढील भाग वाचून तो पडताळतात. शिक्षकाचे काम उत्तर सांगण्याचे नसून प्रत्येक विधानामागील गृहीतक उघड करण्याचे असते. अखेरीस चर्चेतील निष्कर्ष मागणी, पुरवठा, चलनसंख्या इ. संकल्पनांच्या भाषेत त्याने मांडून दिले नाहीत, तर गोष्ट लक्षात राहते व अर्थशास्त्र निसटते.

मर्यादा : या पद्धतीस वेळ अधिक लागतो, मोठ्या वर्गात बोलक्या विद्यार्थ्यांचेच वर्चस्व राहण्याचा संभव असतो. तथापि सर्वांत मोठा धोका एका प्रकरणावरून सर्वसामान्य नियम काढण्याचा होय. दीपगृहाचे उदाहरण या दृष्टीने उद्‌बोधक आहे. जहाजांकडून मोबदला वसूल करणे अशक्य असल्याने दीपगृह सरकारनेच बांधावे, असे जॉन स्ट्यूअर्ट मिलपासून अनेक अर्थशास्त्रज्ञ लिहीत आले. रॉनल्ड कोस याने १९७४ मध्ये इंग्‍लंडचा इतिहास तपासून दाखविले, की तेथे खाजगी व्यक्तींनी दीपगृहे बांधली होती व बंदरांत जहाजांकडून शुल्क गोळा होत होते. पुढे १९९३ मध्ये डेव्हिड व्हॅन झँट याने, ते शुल्क राजसत्तेने दिलेल्या हक्कांवर व तिच्या अंमलबजावणीवर अवलंबून होते, याकडे लक्ष वेधले. एकच प्रकरण दोनदा तपासले जाऊन दोन्ही वेळा आधीचे मत दुरुस्त झाले.

म्हणून प्रकरण हा सिद्धांताचा पुरावा नसून त्याची कसोटी होय, ही जाणीव विद्यार्थ्यांत निर्माण करणे आवश्यक ठरते. एका गावच्या वा एका बाजाराच्या अनुभवावरून धोरण आखले गेल्यास त्याचे परिणाम ज्यांची पाहणी झालेलीच नाही, अशा लोकांना भोगावे लागतात. सांख्यिकीय माहिती व तुलनात्मक अभ्यास यांची जोड मिळाल्यासच ही पद्धती व्याख्यानास खरी पूरक ठरते.