जाखडीची लय आणि दोन चेलोंसाठी संगीतरचना

नृत्यासाठी रचलेले संगीत आणि नृत्यावरून सुचलेले संगीत या दोन भिन्न गोष्टी होत. पहिल्यात पावले प्रत्यक्ष पडतात; दुसऱ्यात ती केवळ नादातून जाणवावी लागतात. बाखने १७२० च्या सुमारास एकल चेलोसाठी रचलेल्या सहा संचांत साराबांद, जिग इत्यादी नृत्यांची नावे व लयी आहेत. त्यांवर कोणी नाचावे अशी मात्र अपेक्षा नाही. कोकणातील जाखडीवरून दोन चेलोंसाठी रचना करावयाची झाल्यास हाच भेद कळीचा ठरतो.

हेदवीसह गुहागर तालुक्याच्या परिसरात जाखडी गणेशोत्सवात रंगते. गायक आणि ढोलकी-झांज वाजविणारे मध्यभागी बसतात; नर्तक त्यांच्याभोवती फेर धरतात. संथपणे सुरू झालेला फेर चढत्या लयीत जातो. पायांतील चाळांचा नाद येथे अलंकार नव्हे, वादनाचाच भाग होय. तो वगळून नुसती चाल उचलली, तर गाणे हाती लागते, नृत्य निसटते.

चेलोच्या चार तारा परस्परांशी षड्ज-पंचम भावाने जुळविलेल्या असतात. खर्जाच्या तारेची कंपनसंख्या सेकंदाला सुमारे ६५, तर सर्वांत वरच्या तारेची २२०. खर्जाची तार बोटाने छेडल्यास ढोलकीच्या घुमाऱ्याचा भास होतो; गजाचे लाकूड तारेवर आपटल्यास कोरडा, नेमका आघात मिळतो; आणि गज घोडीच्या अगदी जवळून फिरविल्यास उमटणारा किनरा, धातूसारखा नाद चाळांच्या जवळ जातो. अनुकरण याहून पुढे नेऊ नये. चेलोची ढोलकी करण्यात स्वारस्य नाही.

खरा प्रश्न दोन वाद्यांच्या नात्याचा आहे. एकाने चाल वाजवावी व दुसऱ्याने साथ करावी, ही सोपी वाट. जाखडीतील शक्ती-तुऱ्याची परंपरा ती नाकारते. तेथे शक्तीपक्ष प्रकृतीचे, तर तुरापक्ष पुरुषाचे श्रेष्ठत्व मांडतो आणि सवालाला जबाब द्यावाच लागतो. दोन्ही चेलोंचा नाद सारखाच असल्याने पक्षभेद सप्तकांतून व वाक्यांच्या लांबीतून दाखवावा लागतो. सवाल ज्या स्वरावर थांबला, तेथूनच जबाब उचलला तर वाद ऐकू येतो. अन्यथा दोन स्वतंत्र गाणी.

लय कोणी चढवायची, हेही येथेच ठरते. जाखडीत ते काम ढोलकीचे. कक्षसंगीतात संचालक नसतो; म्हणून त्या क्षणी जो साथीला आहे त्यानेच लय पुढे ढकलावी आणि सवाल-जबाब पालटताच ती जबाबदारीही पालटावी. स्वरलेखनात ‘हळूहळू जलद’ एवढी खूण त्यासाठी अपुरी. प्रत्येक पालटाच्या जागी लय कोणाच्या हाती आहे, हे दोघांच्याही प्रतींत लिहावे लागते.