एव्हरेस्ट बेस कॅम्पची वाट: पायात ताकद आहे, पण हवेचं काय? हिमनदीवरचा ट्रेक समजून घ्या

दिवाळीच्या सुट्टीत आणि एप्रिल-मे महिन्यात मोबाईलवर एक फोटो हमखास फिरतो. रंगीत पताका, मागं पांढरे डोंगर, हातात तिरंगा नाहीतर भगवा आणि खाली लिहिलेलं, 'एव्हरेस्ट बेस कॅम्प'. तो बघून गावाकडच्या तरुणांनाही वाटतं, शहरात एसीत बसणारी माणसं जातात, आपण तर वर्षभर रानात राबतो, आपल्याला काय अवघड?

चालण्यापुरतं बोलायचं तर हे खरं आहे. दिवसभर फवारणीचा पंप पाठीवर घेऊन फिरणाऱ्याला सहा-सात तासांची चाल जड जात नाही. पण या वाटेवर माणूस अडतो तो पायामुळं नाही, हवेमुळं. आणि हवा शेतकरी, पैलवान, कबड्डीपटू असं काही बघत नाही. उलट जो दणकट असतो तो भराभरा चढतो आणि त्यालाच आधी त्रास होऊ शकतो. म्हणून पैसे भरायच्या आधी ही वाट नेमकी कशी आहे ते समजून घेतलेलं बरं.

बेस कॅम्प म्हणजे शिखर नव्हे

एव्हरेस्टची उंची ८,८४८.८६ मीटर. नेपाळ आणि चीननं २०२० मध्ये हा आकडा मिळून जाहीर केला. बेस कॅम्प म्हणजे शिखरावर जाणारे गिर्यारोहक जिथं तंबू ठोकतात तो तळ. नेपाळच्या बाजूचा तळ ५,३६४ मीटरवर आहे. तिथवर दोर-कुदळीशिवाय, चालत जाता येतं. गंमत म्हणजे बेस कॅम्पवरून एव्हरेस्टचं टोक दिसतच नाही. ते बघायला शेजारच्या काला पत्थर नावाच्या टेकाडावर चढावं लागतं.

आपल्या राज्यातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर. हा ट्रेक जिथं सुरू होतो ते लुक्ला गावच साधारण २,८५० मीटरवर आहे. म्हणजे विमानातून पाय खाली ठेवला की माणूस कळसूबाईच्या माथ्यापेक्षा हजार मीटरहून जास्त उंचीवर असतो. त्या उंचीचा सराव महाराष्ट्रात कुठंच होऊ शकत नाही. इथल्या गडकोटांवर पाय तयार होतात, छाती नाही.

हवा तीच, दाब कमी

वर ऑक्सिजन कमी असतो असं आपण म्हणतो. खरं तर हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण तिथंही एकवीस टक्क्यांच्या आसपासच असतं. कमी होतो तो हवेचा दाब. मोटारीचा प्रेशर कमी झाला की नळाला पाणी असूनही धार लागत नाही, तसंच हे. बेस कॅम्पवर हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या जवळपास निम्मा असतो. एका श्वासात इथं जेवढा ऑक्सिजन मिळतो, त्याच्या निम्माच तिथं मिळतो.

शरीर याची सवय करून घेतं. श्वास वाढतो, नाडी वाढते, रक्तातल्या तांबड्या पेशी हळूहळू वाढतात. पण त्याला दिवस लागतात. म्हणून डॉक्टरांनी ठरवलेला नियम असा, की ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस मुक्काम हलवायचा नाही. दिवसा वर चढून यायचं, रात्री खाली झोपायचं. ट्रेकच्या वेळापत्रकात 'विश्रांतीचा दिवस' लिहिलेला दिसला की बरेच जण म्हणतात, फुकट दिवस कशाला घालवायचा? पण पेरणीनंतर बी उगवायला जसे दिवस द्यावेच लागतात, तसाच हा दिवस असतो. तो कापला की पुढचं सगळं कच्चं राहतं.

वाट कशी आहे?

काठमांडूहून छोट्या विमानानं लुक्ला गाठतात. गर्दीच्या हंगामात हे विमान बऱ्याचदा काठमांडूऐवजी रामेछापहून सुटतं, तिथवर चार-पाच तास गाडीचा प्रवास. लुक्ल्याची धावपट्टी जेमतेम ५२७ मीटर लांब आणि उताराची आहे. ढग आले की विमान बंद. त्यामुळं परतीच्या रेल्वेचं रिझर्वेशन काढताना दोन दिवस तरी मोकळे ठेवावे लागतात.

लुक्ल्यापासून पुढं मोटाररस्ता नाही. सगळं सामान माणसाच्या नाहीतर जनावराच्या पाठीवर. खेचरं आणि याक-गाईचा संकर असलेली जनावरं ओझी वाहतात. समोरून जनावरांची रांग आली की डोंगराच्या बाजूला उभं राहायचं, दरीच्या बाजूला नाही.

दुसऱ्या दिवशी ३,४४० मीटरवरचं नामचे बाजार लागतं. तिथं दोन रात्री काढतात. इथून सरळ वाट तेंगबोचे, दिंगबोचेवरून बेस कॅम्पला जाते. दिंगबोचेला ४,४०० मीटरवर दगडी बांध घातलेली छोटी छोटी वावरं आहेत. वारा आणि जनावरं अडवायला हे बांध. बटाटा हे या भागातलं मुख्य पीक. आपल्याकडच्या माणसाचे पाय तिथं आपोआप थांबतात.

दुसरी, जास्त अवघड वाट गोक्योवरून जाते. हिमनदी ओलांडायची ती याच वाटेवर. तिला लुक्ल्यापासून लुक्ल्यापर्यंत साधारण पंधरा-सोळा दिवस लागतात.

हिमनदी म्हणजे काय?

उंचावर वर्षानुवर्षं पडलेलं बर्फ दाबून दाबून घट्ट होतं आणि स्वतःच्या वजनानं उताराकडं सरकायला लागतं. ती हिमनदी. डोळ्याला हलताना दिसत नाही, पण हलते. एव्हरेस्टचा बेस कॅम्पसुद्धा पक्क्या जमिनीवर नाही, खुंबू हिमनदीवरच आहे. मे महिन्यात बर्फ वितळायला लागलं की तिथले तंबू पुन्हा सारखे करून लावावे लागतात.

हिमनदी म्हटल्यावर पांढरंशुभ्र मैदान डोळ्यापुढं येतं. गोक्योजवळची न्गोझुम्पा हिमनदी बघितली की हा समज मोडतो. नेपाळमधली ही सगळ्यात लांब हिमनदी, सुमारे ३६ किलोमीटरची. तिचा खालचा भाग दगडखाणीसारखा दिसतो. वर दगडगोटे आणि माती, खाली बर्फ. मधे हिरवट पाण्याची डबकी. कडेचे दगड अधूनमधून गडगडत पाण्यात पडतात. ती ओलांडायला दोनेक तास लागतात. बर्फ हलत असल्यामुळं वाट दरवर्षी बदलते. गेल्या वर्षीचा व्हिडिओ बघून किंवा मोबाईलच्या नकाशावर विसंबून जाणं म्हणजे चकवाच. या हंगामात वाट कुठून आहे हे रोज ये-जा करणाऱ्या स्थानिकालाच माहीत असतं.

चो ला: सगळ्यात अवघड दिवस

हिमनदी पार करून थाग्नाक वस्तीवर मुक्काम. दुसऱ्या दिवशी ५,४२० मीटर उंचीची चो ला खिंड. पहाटे चार-पाचला डोक्याला बॅटरी लावून निघतात. इतक्या लवकर निघायचं कारण आहे. रात्रीच्या थंडीनं दगड बर्फात गोठून घट्ट बसलेले असतात. ऊन चढलं की ते सुटतात आणि वरून खाली येतात.

खिंडीवरून पलीकडं उतरताना पुन्हा हिमनदी, ही मात्र खरोखर पांढरी. इथं बुटाला लोखंडी काटे बांधावे लागतात. बर्फात भेगा असतात आणि काही भेगांवर ताज्या बर्फाचा पातळ थर साचलेला असतो. वरून जमीन, खाली पोकळ. पडक्या विहिरीवर गवत वाढावं तसं. म्हणून गाईडच्या पावलावर पाऊल टाकायचं, फोटोसाठी बाजूला जायचं नाही. आठ-नऊ तासांनी झोंगला वस्ती येते. तिथून लोबुचे, मग गोरक्षेप आणि बेस कॅम्प.

बर्फ जास्त पडलं असेल तर गाईड खिंडीला नाही म्हणतो आणि खालून वळसा घालून नेतो. अशा वेळी त्याच्याशी हुज्जत घालायची नाही. त्या नकारासाठीच त्याला पैसे दिलेले असतात. नेपाळनं २०२३ पासून परदेशी ट्रेकरना गाईड घ्यायचा नियम केला. एव्हरेस्टच्या भागात तो काटेकोर लागू झाला नाही, पण चो लाच्या वाटेवर नियम असो नसो, गाईड पाहिजेच.

डोकं दुखलं तर लपवू नका

उंचीचा त्रास सुरू होतो तो डोकेदुखीनं. मग मळमळ, जेवण नको वाटणं, झोप न लागणं. एवढंच असेल तर आहे तिथंच थांबायचं, वर जायचं नाही. बहुतेक जणांना एक-दोन दिवसांत बरं वाटतं.

धोक्याची लक्षणं वेगळी आहेत. बसल्या जागी धाप लागणं, खोकल्यातून फेस येणं म्हणजे छातीत पाणी होत आहे. दारू प्यायल्यासारखं झोकांड्या देत चालणं, असंबद्ध बोलणं म्हणजे मेंदूला सूज येत आहे. साधी परीक्षा आहे. टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत दहा पावलं चालायला सांगायचं. तोल गेला तर विषय संपला. त्याला लगेच खाली न्यायचं, रात्र असली तरी. सकाळी बघू म्हटलं आणि सकाळ झालीच नाही, असं होऊ शकतं. खाली उतरणं हेच पहिलं औषध. डायमॉक्स नावाची गोळी असते, पण ती कुणी घ्यायची, किती घ्यायची हे निघायच्या आधी डॉक्टरांना विचारून ठरवायचं. बीपी, दमा, शुगर असेल तर तपासणीशिवाय निघूच नये. फेरीचे गावात हंगामात हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा दवाखाना चालतो. १९७३ पासून तिथं उंचीच्या आजारावर काम चालतं.

खरी अडचण वेगळीच असते. माणसं त्रास लपवतात. वर्षभर पै-पै साठवलेली असते, गावानं सत्कार करून निरोप दिलेला असतो, स्टेटस टाकून झालेलं असतं. आता परत फिरलो तर लोक काय म्हणतील? या विचारानं डोकं धरून माणूस पुढचा मुक्काम गाठतो आणि तिथं आडवा होतो. डोंगर पुढच्या वर्षीही तिथंच असणार आहे. घरी वाट बघणाऱ्यांना फोटो नको, माणूस पाहिजे.

ओझं वाहणारा गडी

सामान वाहणारे सगळे शेर्पा नसतात. शेर्पा पिढ्यानपिढ्या उंचावर राहिलेले, त्यांचं शरीर त्या हवेला जुळलेलं. पण बरेच हमाल खालच्या खोऱ्यांतल्या गावांतून हंगामापुरते येतात. आपल्याकडचे ऊसतोड कामगार घर सोडतात तसे. त्यांनाही उंचीचा त्रास होतो आणि मजुरी बुडेल म्हणून तेही लपवतात. पैसे भरतानाच विचारावं, की हमालाचा विमा आहे का, त्याला गरम कपडे-बूट आहेत का, ओझं किती देणार? तीस किलोच्या वर ओझं नको. आजारी हमालाला एकट्यानं खाली पाठवायचं नाही, हेही आधीच बोलून घ्यावं.

निघायच्या आधी हे बघा

- कागदपत्रं: भारतीयांना नेपाळचा व्हिसा लागत नाही. पण विमानानं जायचं तर पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र पाहिजे. १५ ते ६५ वयाच्या माणसाला नुसत्या आधारवर जाता येत नाही.
- विमा: साधा प्रवास विमा चालत नाही. सहा हजार मीटरपर्यंतचा ट्रेक आणि हेलिकॉप्टरचा खर्च त्यात लिहिलेला पाहिजे.
- हेलिकॉप्टरची फसवणूक: किरकोळ त्रासाला हेलिकॉप्टर बोलवून विम्याचे पैसे उकळण्याचे प्रकार २०१८ मध्ये नेपाळ सरकारच्या चौकशीत समोर आले. विमा कंपनीचा नंबर स्वतःजवळ ठेवा.
- दिवस: तेच ठिकाण कमी दिवसांत, कमी पैशांत असं कुणी सांगितलं तर विचारा, कोणते विश्रांतीचे दिवस कापले?
- पैसे: एका भारतीय रुपयाला १.६० नेपाळी रुपये. जसजसं वर जाल तसं जेवण, अंघोळीचं गरम पाणी, मोबाईल चार्जिंग सगळं महागतं. डाळभात घेतला तर पुन्हा वाढतात.
- हंगाम: मार्च ते मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. पावसाळ्यात विमानांचा भरवसा नाही.

आपल्याच पोरांचं उदाहरण

मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या आदिवासी आश्रमशाळांच्या पाच विद्यार्थ्यांनी एव्हरेस्ट सर केलं. ही पोरंही शेतकरी-शेतमजुरांच्या घरातली. पण ती घरातून उठून थेट डोंगरावर गेली नव्हती. आधी कित्येक महिने प्रशिक्षण झालं, टप्प्याटप्प्यानं उंची वाढवली, दर टप्प्याला चाचणी झाली आणि चाळणी लागून थोडेच पुढं गेले.

बेस कॅम्पला जायचं असेल त्यानंही हेच करावं. आधी कळसूबाई, साल्हेर. मग उत्तराखंड किंवा हिमाचलमधला चार हजार मीटरच्या आतबाहेरचा एखादा ट्रेक. तिथं आपलं शरीर उंचीला काय म्हणतं ते कळतं, आणि कमी खर्चात कळतं. त्यानंतरच नेपाळचं तिकीट काढावं.