बीटेकनंतर फायनान्स आणि कायदा एकत्र?

एका श्रोत्याचा प्रश्न आलाय: "मी बीटेक. फायनान्स आणि वित्तीय कायदा एकत्र असलेलं मास्टर्स करू का?"

आधी एक केस सांगतो. येस बँकेचे एटी-वन बाँड. एक्सेलमध्ये मस्त दिसायचे, एफडीपेक्षा जास्त व्याज. पण कागदपत्रांत अट होती की बँक बुडायला आली तर मुद्दल शून्य करता येईल. मार्च 2020 मध्ये 8,415 कोटींचे बाँड खरंच शून्य झाले. शेअर मात्र शिल्लक राहिले! पुस्तकात आपण उलटं शिकतो, आधी शेअरवाले बुडतात. जानेवारी 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. तिथे कळीचा प्रश्न होता, बँकेच्या प्रशासकाला तसा अधिकार होता का? वाद पुढे सुप्रीम कोर्टात गेला.

आता सांगा, हे बाँड घ्यावेत का हे ठरवायला नुसतं गणित पुरलं असतं? नुसता वकील तरी पुरला असता का? हे कोर्स नेमके या सांध्यावर उभे आहेत.

प्रवेशाचं म्हणाल तर ऑक्सफर्डच्या 'लॉ अँड फायनान्स'ला कायद्याची पदवी लागते, म्हणजे आपण बाहेर. लंडनच्या सोआसने मात्र 'फायनान्स अँड फायनान्शियल लॉ'मध्ये एमएस्सी दूरशिक्षणाने दिलंय, नोकरी सांभाळून करण्यासारखं.

आणि हो, यातून वकिलीची सनद मिळत नाही. काळा कोट हवा असेल तर पदवीनंतरचं तीन वर्षांचं एलएलबीच करा. कम्प्लायन्स, रिस्क किंवा फिनटेकमध्ये जायचं असेल, तर मी हे मास्टर्स नक्की बघेन.