अंधांच्या शाळेत खुर्ची कोणाची?

देवळाली कॅम्पातल्या माणसाला 'बोर्ड' म्हणजे काय, हे शिकवावे लागत नाही. छावणीच्या बोर्डाचा अध्यक्ष लष्करी अधिकारी; २००६ च्या कायद्याने निम्मे सभासद लोकांनी निवडून द्यायचे. ३० एप्रिल २०२३ ला जाहीर झालेली निवडणूक मात्र मतदानाआधीच रद्द झाली. आपला माणूस टेबलाशी नसला की नळाची तक्रार कुठे अडकते, हे येथील रहिवासी जाणतात. म्हणूनच अंध मुलांच्या शाळेच्या बोर्डावर कोण बसते, हा प्रश्न आम्ही येथून विचारतो.

आपल्याकडील बहुतेक अंधशाळा विश्वस्त संस्थांच्या आहेत. नोंदणी १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली. विश्वस्त कसे नेमायचे, ते संस्थेची घटना ठरवते; त्यात एक तरी अंध असावा, अशी सक्ती हा कायदा करीत नाही. मग डॉक्टर, व्यापारी, निवृत्त अधिकारी, देणगीदाराचे चिरंजीव अशी मंडळी जमतात. माणसे वाईट असतात असे नव्हे. पण वसतिगृहातल्या मुलाने आमटी पाणचट असल्याचे सांगितले, तर ते अधीक्षकाला, अधीक्षक मुख्याध्यापकाला, मुख्याध्यापक सचिवाला सांगणार! ब्रेल पुस्तके आधी की सभागृहाला रंग आधी, हे ठरवणाऱ्यांपैकी कोणी बोटांनी वाचलेले नसते. शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सभासद पालक आणले खरे. २०१२ च्या दुरुस्तीने अनुदानित शाळांत तिला केवळ सल्लागार करून टाकले.

लुई ब्रेल पॅरिसच्या अंधशाळेचाच विद्यार्थी, पुढे तेथलाच शिक्षक. त्याची लिपी मुले आवडीने वापरीत. डोळस कारभाऱ्यांना ती खपेना. शाळेने तिला अधिकृत मान्यता दिली १८५४ साली. ब्रेल १८५२ मध्येच वारला होता.

आमच्या वाचकांना हे नवे नाही. १९३२ नंतर हरिजन सेवक संघाच्या कारभारात अस्पृश्यांना स्थान का नाही, असा प्रश्न आला, तेव्हा गांधीजींचे उत्तर होते की हा सवर्णांच्या प्रायश्चित्ताचा संघ आहे, ऋण फेडणाऱ्यानेच तो चालवावा. बाबासाहेबांनी ही दयाबुद्धी नाकारली. आज 'अपंग' जाऊन 'दिव्यांग' आले. पाटी बदलली, खुर्ची तीच.

अंधांना कारभार जमेल काय, असे विचारणाऱ्यांनी आळंदीला जावे. तेथील जागृती ही अंध मुलींची शाळा राष्ट्रीय दृष्टिहीन संघ, महाराष्ट्र ही अंधांचीच संघटना चालवते. भारताने २००७ मध्ये मान्य केलेला संयुक्त राष्ट्रांचा करारही सांगतो की, अपंगांविषयीचे निर्णय त्यांच्या संघटनांशी विचारविनिमय करूनच घ्यावेत.

विश्वस्त बदलला की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. संस्थेच्या परिशिष्ट एकचा उतारा तेथे अर्ज करून मिळतो; त्यात विश्वस्तांची नावे असतात. ज्यांची मुले अशा वसतिगृहात आहेत, त्या पालकांनी तो काढावा आणि सुट्टीत मुलगा घरी आला की त्याला वाचून दाखवावा. यांपैकी कोण कधी तुझ्या पंगतीला बसला होता, हे तोच सांगेल.