टॅक्सीच्या रांगेचे गणित

रात्री एकच्या सुमारास मुंबईची शेवटची लोकल निघून जाते आणि पहाटे चारपर्यंत पुढची नसते. अशा वेळी बाहेरगावची एखादी गाडी उशिरा दादरला आली, तर पेट्या-बोचकी घेऊन उतरलेल्यांना टॅक्सीखेरीज फारसा आधार नसतो. सामसूम रस्त्यावर वाट पाहण्यातला धोका बराचसा तेथे किती वेळ उभे राहावे लागते यावर ठरतो. हा वेळ कशाने कमी होतो, ते आपण पाहू.

समजा, एका स्टँडवर तासाला सरासरी २० टॅक्सी येतात आणि १८ प्रवासी. टॅक्सी जास्त आहेत, मग कोणाला थांबावे लागू नये, असे तुम्ही म्हणाल. पण ‘सरासरी’ हा शब्द मोठा फसवा आहे. टॅक्सी काही दर तीन मिनिटांनी घड्याळ लावून येत नाहीत. पाच मिनिटांत तीन येतील, मग पाव तास एकही नाही. प्रवाशांचेही तसेच. स्टँडवर टॅक्सीला थांबायला जागाच नसेल, तर प्रवासी नसताना आलेली टॅक्सी तशीच पुढे जाते. मागाहून प्रवासी येतो तेव्हा ती परळच्या पुढे गेलेली असते!

रांगांचा गणिती अभ्यास डेन्मार्कच्या एर्लांग यांनी १९०९ मध्ये टेलिफोनच्या संदर्भात सुरू केला. टॅक्सी-स्टँडचा प्रश्न ब्रिटिश गणिती डेव्हिड केंडल यांनी १९५१ मध्ये हाताळला. यातली गंमत अशी की, येथे कधी माणसांची रांग असते, कधी टॅक्सींची. दोन्ही एकदम कधीच नाहीत.

आपल्या उदाहरणात १८ भागिले २० म्हणजे ०.९. स्टँडवर ‘न’ टॅक्सींची जागा असेल, तर ०.९ चा (न + १) वा घात काढून त्याला (१ − ०.९) ने, म्हणजे ०.१ ने भागावे. रांगेतील प्रवाशांची सरासरी संख्या मिळते. जागा मुळीच नसेल, तर उत्तर येते ९. तासाला १८ जण येत असताना रांगेत ९ जण, म्हणजे प्रत्येकाला सरासरी अर्धा तास थांबणे आले. आता १० टॅक्सींची जागा आखून द्या. रांग ३.१ वर येते व वेळ साडेदहा मिनिटांवर. २० जागा केल्या तर चार मिनिटेही लागत नाहीत. टॅक्सी एकही वाढवलेली नाही! नळाला पाणी येते तेव्हा आपण टाकी भरून ठेवतो, तसाच हा प्रकार आहे.

खात्री करायची असेल तर ३८ चिठ्ठ्या घ्या. २० वर ‘टॅक्सी’ व १८ वर ‘प्रवासी’ लिहा. एक चिठ्ठी काढा, नोंद करा, परत टाका. वर्गात गट पाडून प्रत्येक गटाने निदान पाचशे वेळा तरी हे करावे, कारण थोड्या नोंदींवरून काही कळत नाही.

मात्र प्रवाशाचा वाचलेला वेळ कोणाच्या तरी माथी बसतो. १० जागांच्या स्टँडवर टॅक्सीवाल्याला सरासरी १४ मिनिटे थांबावे लागते, २० जागांच्या स्टँडवर ४० मिनिटे. चाळीस मिनिटे थांबल्यावर जवळचे भाडे आले की तो का कुरकुरतो, हे येथे कळते. भाडे नाकारणे कायद्याने गुन्हाच आहे. पण मुंबईत रात्री १२ ते ५ सव्वापट भाडे असते, ते मला तरी अवाजवी वाटत नाही. खाजगी मोटारींनी स्टँडची जागा अडवली, की ‘न’ किती घटतो आणि रांग किती वाढते, ते तुम्हीच काढून पाहा.

गाडी येऊन एकदम गर्दी लोटली, तर वरील सूत्र चालत नाही. तेथे चढण्याची सोय पाहावी लागते. ४० टॅक्सी उभ्या आहेत, पण एकेकच भरते व त्याला एक मिनिट लागते. मग शेवटचा प्रवासी ४० मिनिटांनी निघेल. चार टॅक्सी एकदम भरता आल्या तर १० मिनिटांत काम होते.

राहिला उजेड. दिवा ८ मीटर उंच असून सर्व दिशांना सारखाच प्रकाश टाकतो असे धरा. खांबापासून १६ मीटरवर जमिनीवरचा प्रकाश खांबाखालच्या प्रकाशाच्या अकराव्या हिश्शाइतकाच भरतो. म्हणून एका प्रखर दिव्यापेक्षा जवळजवळ लावलेले चार साधे दिवे बरे. प्रकाशाचा रंगही महत्त्वाचा. टॅक्सीच्या नंबराची पाटी पिवळी असते, खाजगी मोटारीची पांढरी. प्रयोगशाळेतल्या सोडियम दिव्याखाली पिवळा व पांढरा कागद शेजारी शेजारी धरा. त्या प्रकाशाची तरंगलांबी जवळजवळ एकच, ५८९ नॅनोमीटर, असल्याने दोन्ही कागद सारखेच पिवळे दिसतील. रस्त्यावरच्या सोडियम दिव्यांत इतर रंगही थोडे असतात, तरी फरक पुसट होतो. एलईडीच्या पांढऱ्या प्रकाशात तो लगेच ओळखता येतो.