रात्रपाळीची परिचारिका आणि रुग्णाची झोप

मनोविकार विभागातील रात्रपाळीच्या नोंदवहीत ‘रुग्ण रात्रभर शांत झोपला’ असे लिहिलेले असते, आणि तोच रुग्ण सकाळी डॉक्टरांना सांगतो, ‘डोळ्याला डोळा लागला नाही.’ दोघांपैकी कोणी खोटे बोलत असते असे नाही. परिचारिका ठरावीक वेळाने फेरी मारते. तिला मिटलेले डोळे दिसतात. गाढ झोपलेला माणूस आणि भिंतीकडे तोंड करून पहाटेची वाट पाहणारा माणूस दुरून सारखेच दिसतात. आपल्या घरीही हा अनुभव आपणांस आला असेल. कधी त्याच्या उलटही घडते : आजोबा ‘रात्रभर जागाच होतो’ म्हणतात आणि त्यांच्या घोरण्याने सारे घर मात्र जागे असते.

मिटलेले डोळे आणि झोप यांतील फरक ओळखणे हे कौशल्य आहे, आणि ते शिकावे लागते. मनोरुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांना झोपेविषयी स्वतंत्र प्रशिक्षण मिळावे, हा विचार गेल्या काही वर्षांत बळावला आहे. त्यांना जे शिकविले जाते, त्यातील पुष्कळसे घरी शुश्रूषा करणाऱ्यांच्याही उपयोगाचे आहे.

झोप आणि मन

निद्रानाश हे मनोविकाराचे केवळ लक्षण आहे. मूळ आजार बरा झाला की झोप आपोआप येईल, असे पूर्वी मानले जाई. आता हे नाते दुहेरी असल्याचे स्पष्ट झाले आहे. नैराश्यामुळे झोप बिघडते आणि झोप बिघडल्यामुळे नैराश्य बळावते किंवा परत उलटते. उन्मादाच्या आजारात तर झोप एकाएकी कमी होणे ही पुढील झटक्याची पहिली सूचना असू शकते. म्हणूनच झोपेच्या तक्रारीकडे स्वतंत्र आजार म्हणून पाहावे, हा प्रशिक्षणाचा पहिला धडा असतो.

दुसरा धडा कारणे निवडण्याचा. ‘झोप येत नाही’ या तीन शब्दांमागे अनेक गोष्टी दडलेल्या असतात. मनोविकारावरील काही औषधांनी पायांत व अंगात विलक्षण अस्वस्थता येते. रुग्ण येरझारा घालतो आणि ती अस्वस्थता निद्रानाश समजली जाते. काही औषधांनी वजन वाढते, घोरणे वाढते आणि झोपेत श्वास थांबू लागतो. अशा रुग्णाला झोपेची गोळी दिली तर श्वासाचा अडथळा वाढण्याची भीती असते. लघवीचे औषध संध्याकाळी घेतल्याने रात्री चार वेळा उठावे लागते. गुडघेदुखी, खोकला, दुपारची दीर्घ झोप ही साधी कारणेही असतात. म्हणून प्रशिक्षित परिचारिका आधी विचारते : किती वाजता अंथरुणावर जाता, झोप लागायला किती वेळ लागतो, कितीदा जाग येते, कशाने येते, दिवसा डुलकी लागते का? ही उत्तरे एक-दोन आठवडे रोज लिहून ठेवली की निद्रानोंद तयार होते.

रात्रीच्या फेरीचा पेच

मनोविकार विभागात रात्रीच्या फेऱ्या टाळता येत नाहीत. आत्मघाताचा विचार मनात असलेल्या रुग्णाकडे लक्ष ठेवणे हे परिचारिकेचे कर्तव्यच आहे. पण दार उघडल्याचा आवाज, चेहऱ्यावर पडणारा विजेरीचा झोत आणि मार्गिकेतील बोलणे यांनी ज्यांना धोका नाही असे रुग्णही जागे होतात. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या शुश्रूषाविषयक पुस्तकात आवाजावर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. पहिल्या झोपेतून दचकून उठलेल्या रुग्णाला पुन्हा झोप लागणे कठीण असते, हे त्यांनी त्यात बजावले आहे.

ईशान्य इंग्लंडमधील मानसिक आरोग्य रुग्णालयांत ‘स्लीपवेल’ नावाच्या उपक्रमात याच पेचावर विचार झाला. प्रत्येक रुग्णाचा धोका तपासून, ज्यांच्याबाबतीत ते सुरक्षित आहे अशांची झोप रात्रीच्या फेऱ्यांनी मोडू नये अशी व्यवस्था करण्यात आली. त्याला कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाची आणि विभागातील प्रकाश व आवाज यांच्या सुधारणेची जोड देण्यात आली. नियम सर्वांना सरसकट न लावता रुग्णागणिक निर्णय घेणे, हे या कामाचे मर्म होय.

गोळीखेरीज उपचार

दीर्घकालीन निद्रानाशावर पहिला उपचार गोळी नसून झोपेच्या सवयी व विचार बदलणारी वर्तनोपचार पद्धती असावी, अशी शिफारस अमेरिकेतील फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ साली केली. अडचण अशी, की ही पद्धती शिकलेले मानसोपचारतज्ज्ञ मोजकेच आहेत. ते काम परिचारिका करू शकतील का, या प्रश्नाचे एक उत्तर २०२३ साली ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. इंग्लंडमधील ३५ दवाखान्यांतील ६४२ प्रौढांवर ही चाचणी झाली. झोपेच्या तज्ज्ञ नसलेल्या परिचारिकांना थोडक्यात प्रशिक्षण देण्यात आले आणि त्यांनी रुग्णांना चार छोट्या भेटींत मार्गदर्शन केले. काही भेटी दूरध्वनीवरच झाल्या. सहा महिन्यांनंतर, केवळ छापील माहिती मिळालेल्यांपेक्षा या रुग्णांचा निद्रानाश स्पष्टपणे कमी झालेला आढळला.

या उपचाराचे तत्त्व सोपे आहे. समजा, एखादी व्यक्ती रात्री नऊला आडवी होते, सकाळी सहाला उठते आणि झोपते मात्र सहाच तास. म्हणजे तीन तास तळमळण्यात जातात. तिला सांगितले जाते, की काही दिवस रात्री बारालाच अंथरुणावर जा आणि सहाला उठा. झोप सलग होऊ लागली की ही मुदत पंधरा-पंधरा मिनिटांनी वाढवितात. उपाय सोपा असला तरी सर्वांना तो चालत नाही. उन्माद किंवा फेफरे यांचा आजार असणाऱ्यांना, तसेच तोल जाऊन पडण्याची भीती असणाऱ्या वृद्धांना झोप कमी करणे धोक्याचे ठरू शकते. त्यामुळे डॉक्टरांच्या देखरेखीवाचून तो करू नये. कोणाला काय द्यायचे नाही, हे कळण्यासाठीच तर प्रशिक्षण हवे.

घरातील रात्रपाळी

आपण घरी शुश्रूषा करीत असाल, तर रात्रपाळी आपलीच असते. या शिक्षणातून आपणांस पुढील गोष्टी घेता येतील.

झोपेची नोंद ठेवावी आणि डॉक्टरांकडे जाताना सर्व औषधांसह ती न्यावी. वयपरत्वे गाढ झोप कमी होते आणि लवकर जाग येते. पहाटे चारला उठणारी आजी रात्री आठला झोपली असेल, तर तो आजार नव्हे. सकाळचे ऊन अंगावर घ्यावे, दिवसा थोडे चालावे, डुलकी अर्ध्या तासाहून अधिक व तिसऱ्या प्रहरानंतर नसावी. रात्री स्वच्छतागृहाच्या वाटेवर मंद दिवा असावा.

शेजाऱ्याची किंवा जुन्या चिठ्ठीवरची झोपेची गोळी देऊ नये. वृद्धांमध्ये अशा गोळ्यांमुळे तोल जाणे, हाड मोडणे आणि गोंधळल्यासारखे होणे असे धोके असतात. मात्र बरेच दिवस चालू असलेली गोळी एकदम बंदही करू नये. ती डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करावी लागते.

काही खुणा दिसताच वाट पाहू नये. एक-दोन दिवसांतच दिवस-रात्रीचे भान सुटणे व असंबद्ध बोलणे हे जंतुसंसर्ग किंवा औषधाचा परिणाम यांचे लक्षण असू शकते. झोपेत श्वास थांबणे किंवा स्वप्नाबरोबर हातपाय झाडणे, याचीही तपासणी व्हावी. पहाटे जागे होऊन ‘आता जगण्यात अर्थ नाही’ असे कोणी म्हणाले, तर ते वयाचे बोलणे म्हणून सोडून देऊ नये. शांतपणे ऐकावे, त्यांना एकटे ठेवू नये आणि तत्काळ मदत घ्यावी. केंद्र शासनाची ‘टेलिमानस’ ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र व मराठीतही उपलब्ध आहे.

आणि आपली स्वतःची झोप? रुग्णालयातील परिचारिकेची पाळी सकाळी संपते; घरातील सून, मुलगा किंवा वृद्ध जोडीदार यांची संपत नाही. आठवड्यातील काही रात्री दुसऱ्या कोणाकडे सोपविणे ही कर्तव्यात कसूर नव्हे. पुढच्या वेळी डॉक्टर रुग्णाच्या झोपेची चौकशी करतील, तेव्हा आपल्या झोपेविषयीही त्यांना सांगावे.