बंद गाडीचा हरवलेला डबा

आगगाडीला डबे असतात हे तुम्हांला ठाऊकच आहे. पण गाडी बंद पडून तिचे डबे कधीचेच गेले, आणि तरी त्या वाटेवर एक डबा उरला असेल तर? तोच शोधायला डिसेंबरातल्या एका रविवारी आम्ही निघालो. आम्ही म्हणजे सहावीची अकरा मुलं, एका मुलीचे आजोबा आणि मी.

आमच्या वर्धा जिल्ह्यात पुलगाव ते आर्वी अशी ३५ किलोमीटरची छोटी रेल्वे होती. इंग्रजांच्या काळात, १९१७ साली, ती सुरू झाली. का? तर आर्वीकडचा कापूस पुलगावला मोठ्या लाइनीपर्यंत आणायला! आता तिथे गाडी धावत नाही. काळ्या मातीच्या शेतांमधून जाणाऱ्या त्या भरावावर बाभळी, बोरी आणि रायमुनियाचं राज्य आहे.

डबा मीच आदल्या दिवशी ठेवला होता. भरावाशेजारच्या धुऱ्यावर, शेतमालकाला विचारून. मुलांना दिले फक्त दोन आकडे, एक अक्षांश आणि एक रेखांश. या खेळाला जिओकॅशिंग म्हणतात. मे २००० मध्ये अमेरिकेने जीपीएस उपग्रहांचे अचूक संदेश सर्वांसाठी खुले केले. दुसऱ्याच दिवशी डेव्ह उल्मर नावाच्या माणसाने ओरेगॉनच्या रानात एक डबा लपवला आणि त्याचे आकडे जाहीर केले. तिथून हा खेळ जगभर पसरला.

माझा मोबाइल मुलांच्या हाती होता. मुलं भराभर पुढे गेली. आकडे जुळले! पण डबा कुठाय? झुडपं पाहिली, दगड पाहिले. काहीच नाही.

"सर, कोणीतरी नेला!" एक जण रडवेला झाला.

"आधी आकडे तपासा," मी म्हणालो.

चूक सापडली. अक्षांशात दशांशचिन्हानंतरचा तिसरा अंक ४ ऐवजी ५ घेतला होता. एक अंश अक्षांश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. मग तिसऱ्या अंकातली एकाची चूक म्हणजे किती? मुलांनी मातीतच गणित मांडलं. १११ मीटर! सगळे उलटे फिरले.

परतताना झुडपांत गंजलेले रूळ दिसले. टेपने अंतर मोजलं, ते ७६ सेंटिमीटरच्या थोडं वर भरलं. पुलगावच्या मोठ्या लाइनीवर तेच १६७ च्या वर असतं. "एवढीशी गाडी!" मुलं हसली.

"एवढीशी, पण लय कामाची होती, पोट्टेहो," आजोबा म्हणाले. "चालत्या गाडीतून उतरून बोरं तोडायचो अन् पुन्हा चढायचो. इतकी सावकाश जायची." (तुम्ही मात्र चालत्या गाडीतून कधीच उतरू नका हं!)

आणि डबा? बाभळीच्या बुंध्याशी, दगडाआड. मोबाइल फार तर पाच-दहा मीटरपर्यंत नेतो, पुढचं काम डोळ्यांचं. डब्यात एक वही, पेन्सिल आणि काही मणी, गोट्या. एक वस्तू घ्यायची, एक ठेवायची आणि वहीत लिहायचं, हा नियम.

वहीत मी एकच प्रश्न लिहून ठेवला होता : इथे काय व्हावं? ही लाइन मोठी करून गाडी सुरू करावी, अशी मागणी बऱ्याच वर्षांची आहे. एकाने लिहिलं, "गाडी यावी. माझी ताई आर्वीला शिकते." दुसरीने लिहिलं, "गाडी आली तर सुगरणीची घरटी कुठे जातील?" मग दोघांचं कडाक्याचं भांडण!

शेवटी वही आजोबांकडे गेली. त्यांनी बराच वेळ विचार करून लिहिलं, "गाडी यावी. पण झाडं तोडायच्या आधी मोजावी, अन् तेवढी दुसरीकडे लावावी."

मुलं गप्प झाली. मग एकीने विचारलं, "सर, आपण आजच मोजायची?"

सूर्य कलेपर्यंत एकशे सदतीस झाडं झाली. मोजणी अजून संपलेली नाही. पुढच्या रविवारी परत जायचंय.

तुमच्या गावाजवळ आहे का अशी एखादी बंद गिरणी, खाण किंवा लाइन? मोठ्यांना सोबत घ्या, जागामालकाची परवानगी घ्या आणि तुम्हीही एक डबा ठेवा. प्रश्न मात्र तुमचा तुम्ही शोधा!